दस्ता कुणाकडं द्यावा

नळी जर्मन आहे, ती चुकत नाही.
कोल्हापूरच्या एका थकलेल्या नेमबाजाकडून घेतली, तीन हप्त्यांत,
तिसरा अजून द्यायचाय.
चुकतो तो दस्ता. तो उजव्यांसाठी कोरलाय
आणि मी डावरी.
लहानपणी जेवताना डाव्या हातावर पळी बसायची,
आता गालावर लाकडाचा कंगोरा बसतो.
साठ छर्ऱ्यांनंतर लाल वळ राहतो,
वर्गात पोरी विचारतात, मॅडम, कुणी मारलं?

सगळे म्हणाले, कुपवाडला जा.
एमआयडीसीत जिनगोंडा उपाध्यांचं नवं मशीन,
काचेआड पाण्याच्या फवाऱ्यात ॲल्युमिनियम सोलत होतं.
'ड्रॉइंग आणा,' म्हणाले, 'केसाएवढा फरक पडला तर पैसे परत.'
माझं ड्रॉइंग आजवर कुणी काढलेलं नाही.
चहा पिऊन परत आले.

मग सातारा. सुभेदार निकमांनी
अख्खी पलटण दुरुस्त केलेली, म्हणजे पलटणीच्या रायफली.
अंगणात वाळत घातलेल्या शेंगांच्या मधोमध मला उभं केलं,
छडीनं कोपर वर केलं, खाली केलं.
'रायफल माणसाला बसत नसते, बाई.
माणूस रायफलीला बसतो.'
खरं असेल.
पण त्यांच्या रायफली सगळ्या सारख्या होत्या
आणि समोर कागद नव्हता.

मिरजेला उतरले ते मनाशी ठरवूनच.
गल्लीभर भोपळे टांगलेले, लाखेचा वास,
दस्तगीरचाचा एका दांडीवर काच फिरवत बसलेले.
मला वाटलं, हेच. हाच हात.
त्यांनी माझ्या दस्त्यावर बोटाच्या पेरानं टक् केलं,
कान लावला,
आणि परत दिला.
'माझं लाकूड बोलायला शिकतं.
तुझ्या लाकडानं गप्प राहायचंय. मला ते जमणार नाही.'
मग काच खाली ठेवून, जरा हसून,
'आमच्यातले जुने लोक तलवारींना धार लावायचे, बेटा.
कधीतरी कुणीतरी ते सोडलं.
मी कशाला परत धरू?'

उठताना मात्र पत्ता दिला त्यांनीच:
दवाखान्यामागं, शलमोन भोरे, पाय करतो.

पाय. भिंतीला रांगेनं टेकवलेले,
एकाला बूटही घातलेला.
भोऱ्यांनी रायफलीकडं बघितलंच नाही.
मला स्टुलावर बसवलं, गालावरच्या वळावर अंगठा ठेवला.
'इथं दुखतं. अजून कुठं?'
अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
प्रशिक्षक विचारतात, किती पडले.
मी खांदा दाखवला, मग मनगट, मग लाजत लाजत
बरगडीखालची ती जागा जिथं कोपर टेकतं,
शेवटच्या दहांत जी आगीसारखी होते.
ते वहीत लिहीत गेले, पेशंटच्या नावापुढं लिहितात तसं.

'बंदूक कधी केली नाय मी,' म्हणाले,
'पहिला दस्ता बिघडणार. दुसरा बसेल.
लाकडाचे पैसे दोन्हीचे, मजुरी एकाची.'
ॲडव्हान्स किती, विचारलं.
'आधी चालून बघा, मग द्या,' हे तोंडातून निघून गेलं,
मग स्वतःच हसले, मान हलवत.

आता ओलं प्लास्टर गालावर, खांद्यावर, गार.
रिकाम्या हातांनी मी रायफल धरल्यासारखी बसलेय.
'हलू नका,' म्हणाले, आणि बाहेर गेले.
हलू नका. जिच्या श्वासाची, नाडीची
वही भरते रोज पहाटे, तिला.

प्लास्टर हळूहळू ऊन होत जातं.
पलीकडच्या खोलीत कुणीतरी पहिल्यांदाच उभं राहिलंय,
दांडीला धरून,
आणि भोऱ्यांचा आवाज येतोय, घाई नसलेला,
डावा…
नाही, परत.
डावा.